फाईल न घेता हैदराबाद

नाताळचा आठवडा आला की चंद्रपूरहून मोहर्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एमएच ३४ सोडून बाकी सगळ्या पाट्या दिसायला लागतात. पुण्याच्या, मुंबईच्या, नागपूरच्या, तेलंगणाच्या गाड्या. ताडोब्याच्या फाटकांवर पहाटेच्या थंडीत जिप्सींची रांग लागते, रिसॉर्टच्या आवारात शेकोट्या पेटतात, गाईड आणि चालकांना दिवसभर उसंत नसते. शहर जंगलात सुट्टी घालवायला येतं, ही आता दोन्ही बाजूंच्या सवयीची गोष्ट झाली आहे. जंगलाच्या जिल्ह्यातला माणूस सुट्टी घालवायला शहरात जातो का, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही.

तो इथे एका घरात निघाला आहे. नवरा-बायको पन्नाशीच्या अलीकडचे, राहायला चंद्रपुरात. तो नागभीडकडच्या धानपट्ट्यातला, सरकारी कचेरीत नोकरीला. ती गडचिरोली जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाची, सिरोंच्याची; एका मिशनच्या शाळेत शिकवते. तारीख २४ डिसेंबर २०२५, बुधवार. जेवणं उरकली आहेत.

ती : उद्या सकाळी सातच्या सुमारास वंदे भारत आहे. दुपारी बाराच्या पुढे सिकंदराबाद. दोन सीटा दिसतायत. जायचं?

तो : उद्या? काहून, कोणाला काय झालं?

ती : कोणाला काही झालं नाही. नाताळ आहे. मला शाळेची सुट्टी, उद्या तुम्हालाही सुट्टी. शुक्रवारची एक सीएल टाका, शनिवार-रविवार तुमचेच. नाहीतरी उरलेल्या सीएल ३१ तारखेला बुडणारच आहेत.

तो : सीएल बुडते म्हणून हैदराबाद गाठायचं? हॉटेल बघितलं नाही, कुठे जायचं ठरलं नाही, आणि सकाळी उठून स्टेशन! असं कोणी निघतं का?

ती : ठरवून निघायला गेलो की आपण निघतच नाही. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. साठ दिवसांपूर्वी दिवाळी नुकतीच झाली होती. तेव्हा विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, ‘धान निघू दे, मग बघू.’ आता धान निघालं, तर म्हणता अचानक कसं.

तो : सुट्टीच घालवायची तर ताडोबा आहे की.

ती : बघा मिळतं का बुकिंग या आठवड्यात. मोहर्ली आपल्या घरापासून तीसेक किलोमीटर. आत जायचं तर पुण्यामुंबईचे लोक महिनोन्महिने आधी जागा धरून बसलेले. हैदराबाद पावणेचारशे किलोमीटर, तिथे रात्री ठरवून सकाळी जाता येतं.

तो : ते बरोबरच आहे. जंगलात दिवसाला ठरावीक गाड्याच सोडल्या पाहिजेत, नाहीतर वाघ राहील बाजूला आणि जिप्सीच जिप्सीला बघत बसेल. शहराला काय, लाखभर माणसं वाढली तरी कळत नाही.

ती : हेच तर म्हणते मी. न कळवता आलेल्याला शहर ठेवून घेतं. मग आपण का नाही जायचं?

तो : आणि मोठं शहर म्हटल्यावर तुला हैदराबादच का आठवतं? आपली राजधानी मुंबई आहे.

ती : मुंबई सातबाऱ्यावर आपली. सिरोंच्याहून मुंबई हजार किलोमीटरच्या पुढे, हैदराबाद तीनशेच्या आत. आमच्या घरी अर्धं बोलणं तेलुगूत. तुमच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं राजुरा तरी कोणाचं होतं? १९४८ पर्यंत निजामाचं. वर्धा नदी ओलांडली की हैदराबाद संस्थान सुरू. जिवतीकडच्या चौदा गावांवर आजही दोन राज्यं हक्क सांगतात. उद्याची गाडी बल्लारशाहच्या पुढे त्याच मुलखातून जाते. इकडे बल्लारपूरची पेपर मिल, तिकडे कागजनगरची.

तो : इतिहास ठीक आहे. पण त्या वंदे भारतचं काय झालं, माहीत आहे ना? सप्टेंबर २०२४ मध्ये वाजतगाजत सुरू झाली, वीस डब्यांची. प्रवासी मिळेनात म्हणून काही महिन्यांतच आठ डब्यांवर आणली. लोकांना परवडत नाही, आणि नुसतं फिरायला जायची आपल्याकडे रीतही नाही. शिवाय मंगळवारी ती धावत नाही, मंगळवारी ताडोबाही बंद.

ती : उद्या गुरुवार आहे.

तो : माझं ऐक. उद्या रात्री आमच्या गावच्या बाजूला नाटक आहे. तिथे जाऊ. झाडीपट्टीत हाच तर सीझन. दिवाळी झाली की वडसा जागं होतं. नाटक मंडळांकडे तारखा धरायला गावोगावची पोरं येतात, ते थेट होळीपर्यंत. धान विकून हातात चार पैसे आलेले असतात. दिवसा मंडईची जत्रा, बंदी उठल्यापासून शंकरपटही पुन्हा भरायला लागले. रात्री दहा-साडेदहाला घंटा होते आणि पहाटेपर्यंत नाटक चालतं. मागची माणसं जमिनीवर, अंगावर घोंगडी, कानाला मफलर, लहान पोरं आईच्या मांडीवर झोपलेली. दोन अंकांच्या मधे चहा आणि भजी. एखादं गाणं आवडलं की ‘वन्स मोअर’ मिळाल्याशिवाय लोक नटाला आत जाऊ देत नाहीत. याच रंगमंचासाठी गडचिरोली जिल्ह्यातल्या परशुराम खुणेंना २०२३ साली पद्मश्री मिळाली. चारमिनारपुढे उभं राहून फोटो काढण्यात याच्याहून जास्त काय आहे?

ती : मी कमी-जास्त म्हटलंच नाही.

तो : पैशाचाही विचार कर. जाणं-येणं, राहणं, खाणं मिळून आठ-दहा हजार तिकडे टाकून येऊ. आमच्याकडे नाटक उभं करायला गावातली पोरं वर्गणी जमवतात, मंडळाला ठरलेली रक्कम द्यावी लागते, तिकिटं खपली नाहीत तर भुर्दंड त्यांच्याच अंगावर. पगारदार माणसं दर सुट्टीला शहराकडे पळायला लागली तर पुढच्या खुर्च्यांवर बसायचं कोणी? आणि तुला अचानक जायची हौस आहे ना? मंडईला पाहुणा कधी कळवून येतो का? घराघरात पाच-पंचवीस माणसं न सांगता उतरतात, सगळ्यांची सोय होते.

ती : होते, कारण तुमच्या वहिनी करतात. न कळवता आलेल्या पंचवीस माणसांचा भात आपोआप शिजत नाही. रात्रभर बायकाही नाटक बघतात, पण पहाटे पडदा पडला की पुरुष अंग टाकतात आणि बायका चूल पेटवतात. लग्न झाल्यापासून मी तुमच्या मंडईला येते. नाटकाचा शेवटचा अंक अर्धाच बघून उठते, सकाळचा चहा मांडायचा म्हणून. मला नाटक आवडतं, ते सबंध बघायला आवडेल.

तो : हे तू कधी बोलली नाहीस.

ती : पाहुणे असताना कसं बोलणार? बरं, हैदराबादचं ऐका. तुम्ही म्हणता नुसतं फिरायला जायची आपल्याकडे रीत नाही. खरं आहे. आपल्याकडे शहरात जायला कारण लागतं. दवाखाना, कोर्ट, परीक्षेचं सेंटर, नाहीतर लग्नाचा बस्ता. त्यातलंही बहुतेक वेळा दवाखानाच.

तो : सोय इथे नसेल तर माणूस जाणारच.

ती : आमच्या सिरोंच्याहून जिल्ह्याचं ठिकाण दोनशे किलोमीटर, नागपूर त्याच्याही पुढे. नदी ओलांडली की कालेश्वरम. मग वारंगल, करीमनगर, हैदराबाद. गोदावरीवर पूल नव्हता तेव्हा आजारी माणसाला नावेत घालून पलीकडे न्यायचे. पूल झाला, जाण्याचं कारण तेच राहिलं. बाबांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हापासून हैदराबादला गेले ती फाईल घेऊनच. एक्स-रेचं मोठं खाकी पाकीट दुमडू नये म्हणून बसमध्ये ते पाठीशी उभं धरायचं. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात जुने रिपोर्ट खाली, नवे वर, सगळ्यात वर टाचणीने लावलेली नंबराची चिठ्ठी. कोणी विचारलं तर शोधाशोध नको म्हणून आधार कार्ड ब्लाउजमध्ये. चारमिनार मी पाहिलाय तो ऑटोतून, मान वाकडी करून, कारण बाबा म्हणत होते, ‘लवकर चल, नंबर जाईल.’ लॉजच्या खिडकीतून समोरच्या मेडिकलची हिरवी पाटी रात्रभर चमकायची. हैदराबाद म्हटलं की मला ती पाटी दिसते.

तो : बाबांना जाऊन किती वर्षं झाली…

ती : म्हणूनच म्हणते. एवढं मोठं शहर आहे, आणि माझ्याकडे त्याची तेवढीच आठवण. ताडोब्याला जे येतात ते आपल्याकडे नुसते येतात, वाघ दिसला तर दिसला, नाहीतर शेकोटीजवळ बसून परत जातात. त्यांना कोणी कारण विचारत नाही. आपणच तेवढे कारण घेऊन जायचे? एकदा मला तिथे हातात काही नसताना हिंडायचं आहे.

तो काही वेळ गप्प राहिला. मग त्याने मुद्दा बदलला असं वरवर दिसलं, पण खरं तर त्याने तोच पुढे नेला.

तो : नुसतं जाणं सगळ्यांना कुठे जमतं? आपण चंद्रपुरात, दिल्ली-चेन्नईच्या मोठ्या लाइनीवर राहतो, म्हणून तू मोबाईलवर बोट फिरवून दोन सीटा शोधतेस. सगळ्या गडचिरोली जिल्ह्याला रेल्वे स्टेशन एकच, वडसा. एटापल्ली तालुक्यातल्या गर्देवाड्याला एसटी कधी पोचली? १ जानेवारी २०२५ ला. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी. मुख्यमंत्री स्वतः त्या गाडीत बसले होते. तिथल्या माणसासमोर तू म्हणू शकशील, की मला सहज वाटलं म्हणून हैदराबादला जाऊन आले?

ती : म्हणेन. त्यात लाजण्यासारखं काय आहे? त्या एसटीतून आधी आजारी माणसं जातील अहेरीला, मग तहसीलची कामं, मग बाजार, मग कॉलेजची पोरं. आणि एक दिवस एखादी पोरगी मैत्रिणीला म्हणेल, ‘चल, अहेरीला नुसतं फिरून येऊ.’ त्या दिवशी तो रस्ता पूर्ण झाला असं मी समजेन. गरजेपुरता रस्ता म्हणजे अर्धा रस्ता. तुम्ही आम्हाला कायम गरजेपुरतंच मोजता, सरकारसारखं.

तो : मी सरकारातच आहे.

ती : माहीत आहे. टीए बिलाला कारण लिहावं लागतं, घरच्या प्रवासाला नाही.

तो : बरं, समज गेलो. नाताळ बघायचा म्हणतेस, तर तो बल्लारपूरलाही आहे. पंधरा किलोमीटरवर. सेंट थॉमस कॅथेड्रल आहे, रात्रीची मिस्सा असते.

ती : तिथे मी दरवर्षी जाते, शाळेतल्या सिस्टरांबरोबर. तुम्ही कधी आलात? केरळचे फादर १९६२ पासून या भागात आहेत, त्यांचे दवाखाने आणि शाळा आहेत, आपल्या अर्ध्या गल्लीची पोरं तिथे शिकली. स्कॉटलंडचं मिशन तर त्याच्याही आधी, इंग्रजांच्या काळापासून चांद्यात. नाताळ आपल्याकडे परका नाही. तुम्हाला परका वाटतो कारण त्या दिवशी तुम्ही झोपून राहता.

तो : मग हैदराबादला नाताळाचं वेगळं काय?

ती : मेदक. हैदराबादहून शंभरेक किलोमीटर. तिथलं चर्च दुष्काळात बांधलं गेलं. चार्ल्स पॉस्नेट नावाचा मिशनरी होता. लोक उपाशी होते, त्यांना धान्य द्यायचं तर भीक म्हणून द्यायचं नाही, काम देऊन द्यायचं, असं त्याने ठरवलं. १९१४ साली काम सुरू झालं, दहा वर्षं चाललं आणि १९२४ च्या नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबरला, चर्च खुलं झालं. रंगीत काचांच्या उंच खिडक्या आहेत, त्यांच्यातून ऊन आत येतं.

तो : म्हणजे आपल्या बहात्तरच्या दुष्काळातल्या रोजगार हमीसारखं. तेही पन्नास वर्षं आधी.

ती : तेच. तुमच्या वडिलांनी बहात्तरला खडी फोडली म्हणून सांगता ना? मग तुम्हाला ती भिंत माझ्याहून जास्त कळेल.

तो : खडी फोडली, आणि त्या रस्त्यावरून आयुष्यात कुठे फिरायला नाही गेले ते. पण २५ तारखेला तिथे मुंगीला शिरायला जागा नसेल.

ती : म्हणून शुक्रवारी जायचं. उद्या दुपारी पोचलो की सालारजंग म्युझियम. ते शुक्रवारी बंद असतं, म्हणून उद्याच. तिथे एक जुनं घड्याळ आहे, तास भरला की आतून बाहुला येऊन टोले मारतो आणि सगळी गर्दी मान वर करून बघत बसते. मग चारमिनार, यावेळी पायी. इराणी चहा, उस्मानिया बिस्किटं. शुक्रवारी मेदक.

तो : म्हणजे ठरलं नाही ठरलं नाही म्हणत सगळं ठरवून बसली आहेस.

ती : ठरवलं कुठे? वर्षानुवर्षं मनात आहे, एवढंच.

तो : मेदकला एसटी असेलच. इकडे तुम्हा बायकांना अर्धं तिकीट, तिकडे तर पूर्ण फुकट म्हणतात.

ती : तिकडची योजना तेलंगणाच्या बायकांना. नदीपलीकडच्या माझ्या मावशीला शून्य तिकीट, आईला इकडे अर्धं, आणि मला तिकडे पूर्ण. मी भरीन की! हौसेने चाललेय, सवलतीने नाही.

तो : अजून एक गोष्ट. वर्षाच्या शेवटी नवरा-बायको अचानक शहरात गेले म्हटलं की लोक काय समजतील? गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी. आपल्याकडे २०१५ ते २०२१ होती, तेव्हा ३१ डिसेंबरला अर्धा जिल्हा नदी ओलांडायचा. कचेरीत सोमवारी विचारतील, ‘साहेब, बसून आलात का?’

ती : सांगा, उभं राहून आलो. चर्चमध्ये.

तो : आणि आईला काय सांगू? हैदराबाद म्हटलं की तिच्या पोटात गोळा येईल. कोणाचं ऑपरेशन आहे, हेच विचारेल.

ती : खरं ते सांगा. सगळ्यांच्या तब्येती चांगल्या आहेत, म्हणून चाललो.

तो : तिला वाटेल, पोरगा लपवतोय.

ती : पहिल्यांदा वाटेल. दुसऱ्यांदा जाऊ तेव्हा नाही वाटणार. तिसऱ्यांदा त्यांनाच घेऊन जाऊ.

तो : तू एकदाचं म्हणत होतीस, आता तीनदा झालं. बरं. माझी एक अट आहे. शनिवारी दुपारी एकच्या गाडीने सिकंदराबादहून निघायचं, संध्याकाळी चंद्रपूर. त्या रात्री आमच्या भागात नाटक असणारच, मी फोन करून विचारतो. तिथे यायचं. खुर्चीचं तिकीट काढून, पैसे देऊन, पहिल्या घंटेपासून.

ती : येईन. माझीही अट आहे. मी शेवटच्या अंकातून उठणार नाही. रविवारी सकाळी पाहुण्यांचा चहा आणि भात तुमच्याकडे. वहिनींनाही बसू द्यायचं पडदा पडेपर्यंत.

तो : मला भात कुठे येतो?

ती : धानपट्ट्यातला माणूस म्हणवता ना? तीन दिवस आहेत, शिकून घ्या. मी तिकीट काढते.

तो : परतीचं आधी काढ.